माईक शिट्टी मारू नये म्हणून: काय करावे, काय टाळावे

माईकने शिट्टी मारली की सगळ्या माना मिक्सरवर बसलेल्या पोराकडे वळतात. तो घाईघाईने फेडर खाली ओढतो, शिट्टी थांबते, बुवा पुन्हा सुरू करतात आणि मागच्या रांगांना काहीच ऐकू येत नाही. त्या क्षणी त्याच्या हातात तेवढंच असतं. शिट्टी येणार की नाही, हे दोन तास आधी स्पीकर उभे करताना आणि माईकचे स्टँड लावतानाच बहुतेक ठरून गेलेलं असतं. देवळातलं कीर्तन, सोसायटीचा गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, भजनी मंडळाचा कार्यक्रम अशा ठिकाणी साउंड सांभाळणाऱ्यांसाठी ही यादी आहे. कामाचा क्रमही हाच ठेवा: आधी जागा, मग माईक, मग माणसं. बटणं सर्वांत शेवटी.

आधी शिट्टी येते कशी ते

माईकमध्ये गेलेला आवाज मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर असा फिरतो आणि हवेतून पुन्हा त्याच माईकमध्ये येतो. परत येताना तो आधीपेक्षा कमी झालेला असेल, तर दोन-चार फेऱ्यांत विरून जातो. पण एखादा स्वर आधीइतकाच किंवा जास्त मोठा होऊन परत आला आणि लहरीला लहर जुळली, की तो दर फेरीला वाढतच जातो. एका सेकंदात अशा कितीतरी फेऱ्या होतात, म्हणून शिट्टी एकदम उसळल्यासारखी वाटते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांनी या प्रकाराचा अभ्यास केला, त्यामुळे त्याला लार्सन इफेक्ट असंही म्हणतात.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सगळा आवाज कधीच ओरडत नाही, एकच स्वर ओरडतो. तो कुठला, हे माईक, स्पीकर, हॉल आणि त्यांच्यातली अंतरं मिळून ठरवतात. शिट्टी म्हणजे मशीन बिघडलं असं नाही. मशीन सांगितलेलं कामच करत असतं. उपाय दोनच: तोंडाचा आवाज माईकमध्ये जास्त जाऊ द्या आणि स्पीकरचा कमी. पुढची सगळी यादी या दोन गोष्टींचीच आहे.

जागा

करा:

– मुख्य स्पीकर माईकच्या ओळीपेक्षा पुढे, श्रोत्यांच्या बाजूला उभे करा. एक-दीड मीटर पुढे सरकवले तरी फरक जाणवतो.

– स्पीकर स्टँडवर चढवून पहिल्या रांगेच्या डोक्यावरून जातील एवढे उंच करा आणि तोंड किंचित खाली झुकवा. आवाज माणसांवर पडला पाहिजे. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. समोरची भिंत तो जसाच्या तसा स्टेजवर परत पाठवते.

– हॉल लांब असेल, तर मध्यावर छोटे स्पीकर जास्तीचे द्या आणि त्यांना डिले लावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला ५० मिलिसेकंद. तेवढा डिले दिला की पुढचा आणि मधला आवाज एकत्र पोचतात. मागच्या माणसाला ऐकू यावं म्हणून पुढचा स्पीकर वाढवत नेणं, हे शिट्टीला आवतण आहे.

– फरशी, काच, ग्रॅनाइट असेल तर स्टेजवर सतरंजी आणि मागे जाड पडदा मागून घ्या. डेकोरेशनवाल्याकडे दोन्ही असतात, फक्त वेळेवर सांगावं लागतं.

टाळा:

– स्टेजच्या मागच्या कनातीला, बॅनरच्या दोन्ही बाजूंना स्पीकर लावणं. फोटोत छान दिसतं, पण गाणाऱ्याच्या पाठीमागून येणारा सगळा आवाज थेट माईकच्या तोंडात जातो.

– स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबणं. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात आणि घुमायला लागतात.

– सब-वुफर लाकडी स्टेजवर ठेवणं. पोकळ फळ्या हलतात, त्या हादऱ्याने स्टँड हलतो आणि स्टँडमधून तो माईकला लागतो. सब खाली जमिनीवर असू द्या.

– मंडपाच्या आत कर्णे लावणं. कर्णा बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, गरज असेल तरच.

देवळातल्या सभामंडपाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे वर्षानुवर्षं एकच व्यवस्था दिसते. चार खांबांना चार स्पीकर बांधलेले, चारही तोंडं आत मध्याकडे, आणि मध्यावर बुवा. बुवांसमोरचा माईक बुवांकडे बघतो, म्हणजेच बुवांच्या पाठीमागच्या दोन खांबांकडेही बघतो. त्या दोन स्पीकरचा आवाज टाळकऱ्यांच्या डोक्यावरून सरळ माईकच्या जाळीवर येतो. खाली ग्रॅनाइट, वर स्लॅब, बाजूला टाइल्स लावलेल्या भिंती, आवाजाला जिरायला कुठेच जागा नाही. अशा मंडपात नवा मिक्सर आणून काहीही होणार नाही. मागच्या खांबांवरचे दोन्ही स्पीकर बंद करा. पुढचे दोन खांबांवरून सोडवून श्रोत्यांकडे वळवा. टाळकऱ्यांना बुवांचं म्हणणं ऐकू यायला हवं, नाहीतर चाल सुटते, म्हणून त्यांच्यासाठी एक लहान मॉनिटर जमिनीवर ठेवा आणि त्याचं तोंड माईककडे येणार नाही असं बघा. एवढ्यावर बहुतेक देवळांत शिट्टी थांबते, आणि विश्वस्तांचा पैसाही खर्च होत नाही.

माईक

करा:

– माईक तोंडाजवळ आणा. या यादीत याहून मोठा उपाय नाही. अंतर निम्मं केलं की माईकमध्ये जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ३० सेंटिमीटरवरचा माईक साडेसातवर आणला, तर १२ डेसिबल मिळतात. अ‍ॅम्प्लिफायरकडून तेवढी वाढ काढायची तर १०० वॅटऐवजी १६०० वॅट लागतील, आणि त्यातून शिट्टीही तेवढीच वाढेल. जवळ आणलेल्या माईकने मात्र फक्त गाणाऱ्याचा आवाज वाढतो.

– जवळच्या माईकमध्ये खर्ज फुगतो, हे कार्डिऑइड माईकचं अंगभूत वागणं आहे. चॅनलवरचं लो-कट बटण दाबा. बोलण्यासाठी १०० हर्ट्झच्या खालचं काही लागत नाही. बाईचा आवाज असेल तर १२०–१५० पर्यंतही चालतं.

– माईकची पाठ ओळखा. शुअरचा एसएम-५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि गावोगाव त्याच्या नकला मिळतात. तो कार्डिऑइड, म्हणजे बरोबर मागून येणारा आवाज सर्वांत कमी घेणारा. बीटा ५८-ए सुपरकार्डिऑइड आहे. त्याला मागून थोडं ऐकू येतं, पण मागच्या दोन तिरप्या बाजूंनी, तोंडापासून मोजलं तर सुमारे १२६ अंशांवर, जवळजवळ काहीच नाही. मॉनिटर कुठे ठेवायचा हे यावरूनच ठरतं.

– कीर्तनकार चालत-फिरत बोलणारे असतील, तर कॉलर माईकऐवजी हेडसेट द्या. उपरण्याला लावलेला कॉलर माईक ओठांपासून २० सेंटिमीटरवर असतो आणि बहुधा सगळीकडून ऐकणारा असतो. हेडसेटची काडी गालाजवळ, ओठांच्या कोपऱ्यापासून अडीच सेंटिमीटरवर येते. अंतर तीनदा निम्मं झालं म्हणजे १८ डेसिबल. पगडी किंवा फेटा असेल तर हेडसेट आधी घालून मग फेटा बांधायला सांगा.

टाळा:

– माईकची जाळी मुठीत धरणं. तरुण गायकांमध्ये ही लकब फार पसरली आहे, व्हिडिओत ती रुबाबदार दिसते. जाळीच्या मागच्या बाजूला असलेल्या फटींमुळेच माईक मागचा आवाज गाळू शकतो. त्या बुजल्या की तो सगळीकडून ऐकायला लागतो आणि मुठीच्या पोकळीत मधले स्वर घुमतात. दांडा धरा, जाळी मोकळी सोडा.

– शिट्टी आली की माईकवर हात ठेवणं. वरच्याच कारणाने शिट्टी वाढते.

– बोलून झाल्यावर माईक कमरेशी लोंबकळत धरणं. तोंड थेट पायाजवळच्या मॉनिटरकडे जातं. शाळेच्या कार्यक्रमात निम्म्या शिट्ट्या इथून येतात, मुलं एका हातातून दुसऱ्या हातात माईक देताना. निवेदक मुलांना दोन मिनिटं शिकवा: बोलणं झालं तरी माईक छातीशी उभा.

– ‘लांबून आवाज खेचणारा’ माईक शोधत फिरणं. कुठलाच माईक आवाज खेचत नाही. लांबचा आवाज घ्यायचा तर गेन वाढवावा लागतो, आणि वाढवलेला गेन स्पीकरचा आवाजही तेवढाच वाढवतो. कंडेन्सर माईक डायनॅमिकपेक्षा जास्त शिट्टी मारतो, हा समजही असाच. दोघांना समान पातळीवर आणलं, तर प्रश्न उरतो तो दिशेचा आणि अंतराचा.

– कॉर्डलेस माईक घेऊन मुख्य स्पीकरच्या पुढे जाणं. बक्षीस वाटपात पाहुणे खाली उतरतात तेव्हा हमखास होतं. स्टेजवर कुठपर्यंत जायचं, त्या रेषेवर आधीच पांढरी चिकटपट्टी लावून ठेवा.

उघडे माईक

भजनी मंडळ बसतं तेव्हा मोजून बघा. पखवाजाला दोन, पेटीला एक, मुख्य गायकाला एक, साथीच्या गायकांना दोन, टाळकऱ्यांपुढे दोन. आठ माईक. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपूर्वीची जागा ३ डेसिबलने कमी होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, म्हणजे ९ डेसिबल गेले. त्यातले टाळांचे दोन माईक तर बंदच असावेत. टाळ मुळातच देवळाच्या दारापर्यंत ऐकू जातात, त्यांना वाढवायचं कशाला? शिवाय ते दोन्ही माईक गायकाच्या आवाजाच्या प्रतीही गोळा करत बसतात.

करा:

– ज्याच्यासमोर कोणी नाही, तो माईक म्यूट. निवेदन चालू असताना वाद्यांचे सगळे माईक म्यूट. डिजिटल मिक्सर असेल तर म्यूट ग्रुप करून ठेवा, एका बोटाचं काम.

– परिसंवादात पाच वक्ते असतील आणि मिक्सरमध्ये ऑटोमिक्स असेल, तर ते वापरा. बोलणाऱ्याचा माईक वर, बाकीचे खाली, असं ते आपोआप करतं.

टाळा:

– ‘असू दे चालू, लागला तर’ म्हणून कडेला एक माईक उघडा ठेवणं.

– एकाच वक्त्यापुढे दोन-तीन माईक मांडणं. राजकीय सभेत वाहिन्यांचे माईक असतात म्हणून तसं दिसतं. ते तुमच्या स्पीकरला जोडलेले नसतात.

मॉनिटर

मुख्य स्पीकरपेक्षा शिट्टी बऱ्याचदा मॉनिटरमधून येते, कारण तो माईकपासून हातभरावर असतो. गायक ‘मला ऐकू येत नाही’ म्हणतो, आणि मॉनिटर वाढत जातो.

करा:

– कार्डिऑइड माईक असेल तर मॉनिटर गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या सरळ रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर दोन्ही बाजूंना तिरपे. बैठकीच्या गाण्यात माईक जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे शेपटी नेमकी कुठे बघते हे खाली बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

– मॉनिटर वाढवण्याआधी त्यातून नको ते काढा. गायकाला स्वतःचा आवाज, तानपुरा आणि पेटी एवढंच बहुधा पुरतं. तबला शेजारीच बसलेला असतो, तो मॉनिटरमध्ये कशाला?

– इन-इअर मॉनिटर परवडत असतील तर घ्या. आवाज कानात बंद झाला की हा सगळा प्रश्नच निम्म्यावर येतो.

टाळा:

– मॉनिटरमध्ये एको किंवा रिव्हर्ब पाठवणं. भजनाला थोडा रिव्हर्ब शोभतो, पण तो मुख्य स्पीकरला. मॉनिटरमध्ये तो प्रत्येक स्वर लांबवतो आणि शिट्टीला दम देतो.

– कार्यक्रम चालू असताना चॅनलच्या गेनला हात लावणं. मॉनिटरला जाणारा आवाज बहुतेक वेळा फेडरच्या आधीच घेतलेला असतो. गेन जरा वाढवला की मुख्य स्पीकरसोबत सगळे मॉनिटरही वाढतात आणि शिट्टी कुठून आली ते कळत नाही. गेन तपासणीत ठरवा. नंतर काय ते फेडरवर.

शिट्टी आधीच काढून बघणं

साउंडवाले याला ‘रिंग आउट’ म्हणतात. कार्यक्रमाच्या आधी, हॉल रिकामा असताना, शिट्टीला मुद्दाम बाहेर बोलवायचं आणि ज्या स्वराला ती येते, तेवढाच स्वर थोडा कापायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि ते मन लावून केलं तर कार्यक्रमभर स्वस्थ बसता येतं.

करा:

– हॉलमधल्यांना आधी सांगा. लहान मुलं स्पीकरपासून लांब न्या.

– माईक जिथे राहणार तिथेच ठेवा, त्यासमोर माणूस उभा करा. माणसाच्या अंगावरूनही आवाज परतून माईकमध्ये येतो. मुख्य स्पीकर आणि मॉनिटर वेगवेगळे तपासा, एकदम नाही.

– इक्वलायझर सपाट ठेवून फेडर हळूहळू वर न्या. शिट्टी पूर्ण फुटू देऊ नका. बोलण्याच्या शेवटी स्वराची शेपटी रेंगाळायला लागली की तिथेच थांबा. पूर्ण फुटलेली शिट्टी कानाला तर त्रास देतेच, ट्वीटरही जाळते.

– आता तो स्वर ओळखा. आपल्या स्वरांनी हे काम बरंच सोपं होतं. शिट्टी ‘ऊ’सारखी घुमत असेल तर २५०–३०० हर्ट्झच्या आसपास, ‘ओ’ असेल तर ५००, ‘आ’ असेल तर १०००, ‘ए’ असेल तर २०००, ‘ई’ असेल तर ३००० ते ४०००. हा ढोबळ अंदाज झाला. नेमकं काढायचं तर पेटीवाल्यांना विनंती करा. त्यांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असतात. ते रेंगाळणारा स्वर ऐकून पट्टी शोधतील. ४४० ला मिळवलेल्या पेटीवर पांढरी एक निघाली, तर ती शिट्टी २६२, ५२३, १०४७ किंवा २०९३ हर्ट्झ यांपैकीच, कारण दर सप्तकाला आकडा दुप्पट होतो. कानाला ‘आ’ वाटत होता? मग १०४७. ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर १ किलोहर्ट्झची पट्टी धरा आणि ३ डेसिबल खाली घ्या. पांढरी सहा निघाली तर २२०, ४४०, ८८०, १७६०. मोबाइलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप किंवा डिजिटल मिक्सरचा आरटीए हेच काम आकड्यात करतो, पण पेटीने शिकलेला कान पुढच्या कार्यक्रमात यंत्राआधी सांगतो.

– पुन्हा फेडर वर. दुसरा स्वर येईल, तोही तसाच कापा. तीन-चार झाले की थांबा. तिथून ६ डेसिबल खाली या. ही तुमची छताची रेषा. फेडरशेजारी चिकटपट्टीवर पेनने खूण करा आणि कार्यक्रमभर तिच्यावर जाऊ नका.

टाळा:

– दहा-बारा पट्ट्या खाली ओढणं. तेवढ्या कापाव्या लागत असतील तर स्पीकरची जागा चुकली आहे, परत पहिल्या भागाकडे जा. विशेषतः २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये रुंद खड्डा करू नका. व्यंजनं तिथेच राहतात. तो भाग गेला की ‘स’ आणि ‘श’ सारखे ऐकू येतात, ‘त’ आणि ‘ट’ची धार जाते, आणि अभंगाचा अर्थ श्रोत्यापर्यंत पोचत नाही. आवाज मोठा आणि शब्द कळत नाहीत, अशी कीर्तनं मी पुष्कळ ऐकली आहेत. मला ती शिट्टीपेक्षा वाईट वाटतात.

– एका हॉलचं सेटिंग दुसऱ्या हॉलमध्ये जसंच्या तसं लावणं. डिजिटल मिक्सरमध्ये जुना सीन उघडला की इक्वलायझरचे खड्डे तसेच येतात, शिट्टीचे स्वर मात्र वेगळे असतात.

– फीडबॅक सप्रेसरवर सगळा भार टाकणं. तपासणीत शोधलेल्या स्वरांवर त्याचे फिल्टर पक्के करून ठेवा, तेवढं तो नीट करतो. पण कार्यक्रमात स्वतःहून शोधायला मोकळा सोडला, तर बासरीचा लांब स्वर किंवा गायिकेचा ठेहराव त्याला शिट्टी वाटू शकतो, आणि तो ऐन आलापात स्वर कापतो.

– कंप्रेसरने आवाज ‘भरणं’. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मेकअप गेनने सगळंच वर आणतो. गायक गात असतो तोवर तो दाबून धरतो. गायक थांबला की तो सुटतो, आणि शिट्टी बरोबर त्या शांततेत येते. बोलणं थांबल्यावरच शिट्टी येत असेल, तर आधी कंप्रेसर तपासा.

वाद्यं

करा: इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कीबोर्ड, मोबाइलवरचा ट्रॅक, सगळं केबलने थेट मिक्सरमध्ये द्या. लागेल तिथे डीआय बॉक्स वापरा. पेटीचा माईक भात्यापासून दूर, वरच्या बाजूला, जवळ. डग्ग्याच्या आणि पखवाजाच्या माईकला मॉनिटरपासून शक्य तितकं लांब ठेवा. मॉनिटरच्या खर्जाने पुडी स्वतःच थरथरायला लागते आणि मग घुमणं थांबत नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्याचंही तसंच.

टाळा: तानपुऱ्याच्या पेटीसमोर माईक उभा करणं. अखंड एकच स्वर, तोही उघड्या माईकमधून, याहून चांगलं खाद्य शिट्टीला मिळत नाही.

ऑनलाइन दाखवत असाल तर

लॅपटॉपवरून परगावच्या पाहुण्यांना जोडताना त्यांचा आवाज हॉलमध्ये द्या, पण त्यांच्याकडे परत पाठवू नका. मिक्सरवरून त्यांना वेगळा ऑक्झ काढा आणि त्यातून त्यांचा चॅनल शून्यावर ठेवा. लॅपटॉपचा स्वतःचा माईक बंद. हॉलमध्ये बसून तोच कार्यक्रम मोबाइलवर लावणाऱ्यांना आवाज बंद ठेवायला सांगा.

आणि तरीही शिट्टी आलीच तर

– मास्टर खाली ओढू नका. शेवटी हलवलेला फेडर आधी खाली घ्या. दहापैकी आठ वेळा तोच असतो, कारण शिट्टी कोणीतरी काही बदलल्यावरच येते.

– कुठला माईक ते कळत नसेल, तर स्टेजकडे बघा. कोणाचा हात जाळीवर गेला, कोण स्पीकरपुढे आला, कुठला स्टँड फिरला. मिक्सरवरच्या माणसाची नजर मिक्सरपेक्षा स्टेजवर जास्त असली पाहिजे.

– बुवांना किंवा वक्त्यांना मध्येच थांबवू नका. चिठ्ठी पाठवा, किंवा विसाव्याच्या वेळी जवळ जाऊन शांतपणे सांगा: ‘महाराज, माईक जरा जवळ असू द्या, म्हणजे मागच्या लोकांनाही शब्द नीट कळतील.’ मागच्या लोकांचं नाव काढलं की प्रत्येक चांगला कीर्तनकार ऐकतो.

– शिट्टी आली म्हणून आवाज इतका खाली नेऊ नका की ऐकू येईना. २–३ डेसिबल पुरेसे असतात.

मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी

मिक्सरला हात फक्त एकाचा. ‘जरा आवाज वाढव रे’ हे सांगायला पाच जण येतात, आणि पाचही जण वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. सांगायचंच असेल तर एकाने सांगावं, आणि तो हॉलच्या मध्यावर बसलेला असावा. मिक्सर स्टेजच्या बाजूच्या खोलीत किंवा पडद्यामागे मांडू नका. साउंडवाल्याला श्रोते ऐकतात तेच ऐकू आलं पाहिजे, नाहीतर तो अंदाजावर चालतो. त्यासाठी हॉलमध्ये चार खुर्च्यांची जागा सोडावी लागली तरी सोडा.

शेवटची विनंती पत्रिका छापणाऱ्यांना. बहुतेक ठिकाणी साउंडवाल्याला हॉल मिळतो तो फुलांचं डेकोरेशन, रांगोळी आणि पाहुण्यांच्या खुर्च्या लागून झाल्यावर, म्हणजे दिवा लागायच्या दहा मिनिटं आधी. तेव्हा स्पीकर सरकवायला जागा नसते आणि रिंग आउट करायला वेळ नसतो. कार्यक्रमाची वेळ ठरवताना साउंडवाल्याला रिकामा हॉल डेकोरेशनच्या आधी एक तास द्या, आणि ती वेळ त्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा.